को-ऑर्डिनेशन नावाची थाप

"गावाकडच्या पोरांना को-ऑर्डिनेशन नसतं हो, काय करणार!"

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. चौघेही आपल्या नगर जिल्ह्यातले (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडाला अजून नगरच येतं). चौघेही बास्केटबॉल शिकवणारे, नाहीतर शिकवणाऱ्यांच्या आसपास वावरणारे. आणि चौघेही असं बोलले की जणू हिमोग्लोबिनबद्दल बोलताहेत. तपासलं, कमी निघालं, विषय संपला.

मला या वाक्याचा राग येतो. राग येतो म्हणूनच या वीकांताला हा लेख, नाहीतर मागच्या वेळी कबूल केलेला डेटाबेसवरचा लेख अजून बाकी आहे याची मला कल्पना आहे. ज्यांनी बास्केटबॉल कधी हातात धरला नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. याच चालीवरची वाक्यं गणिताबद्दल, इंग्रजीबद्दल आणि कोडिंगबद्दलही म्हटली जातात. फक्त तिथे 'को-ऑर्डिनेशन'च्या जागी 'लॉजिक' येतं.

आधी ड्रिबलिंग म्हणजे काय ते बघू. बॉल जमिनीवर आपटत आपटत पळणे, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. गंमत अशी की जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे हा खेळ काढला तेव्हा त्यात ड्रिबलिंग नव्हतंच. त्याच्या तेरा नियमांपैकी एक असा होता की बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा. मग अडकलेल्या खेळाडूंनी पळवाट काढली. बॉल स्वतःच खाली टाकायचा आणि पुन्हा स्वतःच उचलायचा, म्हणजे स्वतःलाच पास! एका प्रकारे हा नियमातला बग होता, आणि खेळाडूंनी त्याचं फीचर केलं. नियम करणाऱ्यांना ते बरीच वर्षं पचलं नाही. १९२७ साली ड्रिबल एकाच टप्प्यापुरती ठेवावी असा ठराव अमेरिकेतल्या नियम समितीने केला, तेव्हा प्रशिक्षकांनी एवढा आरडाओरडा केला की त्यातून त्यांची राष्ट्रीय संघटनाच उभी राहिली आणि ठराव बारगळला. सांगायचा मुद्दा असा की ड्रिबलिंगचा जन्म समोर कोणीतरी आडवा आलाय म्हणून झाला. समोर कोणी नसेल तर ड्रिबलिंगला काही अर्थच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं फिजिक्स. (पळू नका, बारावीचंच आहे.) फिबाच्या नियमात बरीच वर्षं असं मोजमाप होतं की बॉल १.८ मीटरवरून सोडला की टप्पा पडून त्याचा वरचा भाग १.२ ते १.४ मीटरपर्यंत यायला हवा. बॉलचा व्यास साधारण २४ सेंटिमीटर. तो वजा करून हिशेब केला तर दर टप्प्याला बॉल आपली ऊर्जा पस्तीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास गमावतो. म्हणजे ड्रिबल करणाऱ्या हाताला दर टप्प्याला ती तूट भरून द्यावी लागते. कमी दिली तर बॉल मरतो, जास्त दिली तर छातीवर येतो. कमरेइतक्या उंचीवर ड्रिबल केली तर बॉल हातातून सुटून परत येईपर्यंत फार तर ०.६ सेकंद. गुडघ्याइतकी खाली केली तर ०.३५ च्या आसपास. आणि डोळ्याने बघून हाताने प्रतिक्रिया द्यायला माणसाला लागतात साधारण ०.२ सेकंद.

ज्यांनी कंट्रोल सिस्टिम हा विषय काठावर का होईना काढलाय त्यांच्या डोक्यात इथे घंटा वाजली पाहिजे. लूपचा एकूण वेळ ०.३५ आणि त्यातले ०.२ नुसते लेटन्सीत गेले, तर 'बघून दुरुस्त करू' हे धोरण चालूच शकत नाही. चांगला खेळाडू बॉल बघून ड्रिबल करत नाही. बॉल हातातून सुटताना बोटांना जे कळतं त्यावरून तो कुठे परत येणार याचं भाकीत मेंदूने आधीच केलेलं असतं. हात तिथे जाऊन थांबतो, बॉलच्या बरोबर थोडा वर येतो, त्याला मऊ झेलतो आणि पुन्हा ढकलतो. बॉलला 'मारायचं' नसतं. नवशिका मारतो, म्हणून फटफट आवाज येतो. नुसत्या आवाजावरून कोण किती पाण्यात आहे ते मैदानाबाहेर बसून सांगता येतं, करून बघा.

याहून मजेशीर म्हणजे काही चुका दुरुस्त कराव्याच लागत नाहीत. शाल, स्टर्नॅड आणि अॅटकसन या तिघांनी १९९६ साली रॅकेटवर चेंडू टप टप उडवणाऱ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गणित असं सांगत होतं की चेंडूला लागताना रॅकेटचा वेग कमी होत असेल तर छोट्या चुका पुढच्या काही टप्प्यांत आपोआप विरून जातात. आणि माणसं, कोणी न सांगता, नेमकी तशीच मारत होती. म्हणजे मेंदू दर टप्प्याला हिशेब करत बसण्याऐवजी अशी लय शोधतो की जिच्यात हिशेबाची गरजच कमी पडते. आमच्या धंद्यात असं डिझाइन कोणी केलं तर त्याला आर्किटेक्ट म्हणतात. इथे शाळेतली पोरं करतात, आणि आपण म्हणतो को-ऑर्डिनेशन नाही.

ही लय सांगून येते का? इथे मला निकोलाय बर्नश्टाइनचं नाव घ्यायलाच पाहिजे. १९२० च्या दशकात मॉस्कोच्या श्रम संस्थेत या माणसाला कामगारांच्या हालचाली अभ्यासायचं काम मिळालं. त्याने हातोडा चालवणाऱ्या निष्णात कामगारांच्या हालचालींची छायाचित्रं घेतली. अपेक्षा अशी की निष्णात माणसाचा हात दर वेळी अगदी तसाच, यंत्रासारखा फिरेल. निघालं उलटंच. हातोड्याचं टोक जवळपास त्याच जागी येत होतं, पण खांदा, कोपर, मनगट यांच्या वाटा दर घावाला थोड्या थोड्या वेगळ्या होत्या. एक सांधा इकडे गेला की दुसरा त्याची भरपाई करत होता. निष्णात माणूस एकच हालचाल पाठ करत नाही, तो तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवतो, आणि सराव म्हणजे असा प्रश्न सोडवण्याचा सराव, असं त्याचं म्हणणं.

आता मॉस्कोला जायची गरज नाही. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कामगारांना फडात बघा. कोयता उसाच्या बुडाशी, जमिनीलगत बसला पाहिजे, कारण साखर बुडख्यात जास्त. ऊस कधी सरळ, कधी वाऱ्याने आडवा पडलेला, पायाखाली पाचट, सरीचा चढउतार. दर घावाला अंगाची ठेवण वेगळी आणि घाव मात्र तिथेच. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघून पाऊणशे वर्षं होऊन गेली. म्हणजे जिल्ह्यातल्या कित्येक घरांत दोन-तीन पिढ्या हे कौशल्य आहे, आणि त्याच घरातल्या पोराला आपण समन्वय नाही म्हणून सांगतो. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून पाटाच्या कडेने मोटरसायकल हाकणारा पोरगा बघितलाय ना? त्याच्यात कशाची कमी आहे म्हणे?

थांबा. इथे टाळ्या घेऊन मी पुढे जाऊ शकतो, पण ते लबाडीचं होईल. कोयता चालवणाऱ्याच्या मुलाला ड्रिबलिंग आपोआप येईल असं मी म्हणत नाहीये. येत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रँकलिन हेन्री यांनी १९५० च्या दशकापासून हे पुन्हा पुन्हा दाखवलं की हालचालींची कौशल्यं फार वेगवेगळी, ज्याची त्याची असतात. एका कामात चपळ असलेला माणूस दुसऱ्या कामात चपळ असेलच असं त्याच्या पहिल्या कामावरून फारसं सांगता येत नाही. 'को-ऑर्डिनेशन' हे जिल्हा बँकेतलं बचत खातं नाही, की एकदा भरलं आणि कुठल्याही शाखेतून काढलं. लेझीममध्ये पहिली असलेली मुलगी बॉल हातात आल्यावर गोंधळेल, आणि शहरातल्या क्लबचा स्टार खेळाडू फडात कोयता घेऊन उभा केला तर पहिल्या दहा मिनिटांत दवाखान्यात जाईल.

म्हणूनच तर ते वाक्य थाप आहे. "याला को-ऑर्डिनेशन नाही" याचा खरा अर्थ एवढाच निघतो की "याने बॉलबरोबर पुरेसा वेळ घालवलेला नाही". आणि तो का घातला नाही, हा प्रश्न मग पोराकडून उठून सरांकडे, शाळेकडे, आणि बॉलच्या कपाटाच्या किल्लीकडे जातो. तो तिकडे जाऊ नये म्हणून तर हा जड इंग्रजी शब्द!

माझ्या मावसबहिणीची मुलगी बारा वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात तालुक्याच्या गावी उन्हाळी शिबिरात गेली. (कुठल्या, ते सांगत नाही. सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं.) आठवड्याने फोनवर मला म्हणते, "मामा, सर म्हणतात माझ्यात को-ऑर्डिनेशन नाही. ते कमी असलं तर कशाने वाढतं?" बहिणीने मागून आवाज दिला, "खजूर सांगू नकोस तिला, आधीच संपवलेत." हसलो आम्ही. पण ती हसत नव्हती. त्यानंतरच्या शनिवारी गावी गेलो तेव्हा मैदानाच्या कडेला बसून पूर्ण तासभर शिबिर बघितलं आणि सवयीने हिशेब मांडला.

मुलं चाळीस. बॉल चार. वॉर्मअप, हजेरी, पाणी यात वीस मिनिटं. उरली चाळीस. दहा-दहाच्या चार रांगा, समोर शंकू मांडलेले. पहिल्याने शंकूंमधून नागमोडी जायचं, यायचं, बॉल पुढच्याला द्यायचा आणि रांगेच्या शेवटी. म्हणजे दर पोरामागे बॉल हातात चार मिनिटं. छत्तीस मिनिटं उभं राहायचं. दहा दिवसांच्या शिबिरात एकूण चाळीस मिनिटं ड्रिबलिंग! चाळीस मिनिटांत कोणाला तबल्यावर 'ना धिं' तरी नीट काढता येतं का? आणि एवढ्यावर त्या मुलीच्या मज्जासंस्थेबद्दल निकाल लागला होता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर शंकू काढून खेळ लावला तरी बॉलची मिनिटं वाढत नाहीत. चार बॉल, चाळीस मुलं, भागाकार तोच. फरक आहे तो उरलेल्या छत्तीस मिनिटांत. तीन विरुद्ध तीन खेळायला लावा. बॉल नसलेली मुलगी अडवत असते, जागा शोधत असते, समोरच्याचा खांदा कुठे वळतोय ते वाचत असते. आणि बॉल आला की त्या चार मिनिटांत तिला ड्रिबलिंग करायचं असतं ते शंकूपुढे नाही, माणसापुढे. शंकू कधी हात घालत नाही. शंकू कधी डावीकडे झुकल्याची हूल देऊन उजवीकडे येत नाही. आमच्या भाषेत शंकूंचा ड्रिल म्हणजे युनिट टेस्ट. युनिट टेस्ट पास झाली म्हणून कोणी रिलीज करतं का? (करतात. पण त्यांचे फोन रात्री दोनला वाजतात.)

यावर मिळणारं ठरलेलं उत्तर म्हणजे, "आधी बेसिक पक्कं होऊ द्या, मग खेळ." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण पक्कं कशाने होतं? १९७८ सालचा कर आणि बूथ या दोघांचा एक साधा प्रयोग आहे. आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या निशाणावर टाकायला लावल्या. एका गटाने सगळा सराव ३ फुटांवरून केला. दुसऱ्या गटाने २ आणि ४ फुटांवरून, ३ वरून एकदाही नाही. परीक्षा ३ फुटांवरून घेतली. जिंकले कोण? ज्यांनी ३ फुटांवरून कधी टाकलंच नव्हतं ते! पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, शिया आणि मॉर्गन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकच हालचाल सलग घोकणारे सरावाच्या वेळी छान दिसतात. हालचाली उलटसुलट मिसळून करणारे सरावाच्या वेळी चाचपडतात. पण काही दिवसांनी पुन्हा तपासलं की चाचपडणारे पुढे असतात.

आता हे शिबिराच्या अर्थशास्त्रात बसवून बघा. दहाव्या दिवशी समारोप असतो. खुर्च्यांवर पालक, शाल-श्रीफळवाले पाहुणे, मोबाइल वर. त्या दिवशी मुलं छान 'दिसली' पाहिजेत. मग सलग घोकवणं हाच धंद्याला सोयीचा मार्ग! शिट्टीवर एक-साथ ड्रिबल, शिट्टीवर बदल, कवायतीसारखं. पालक खूश, फी वसूल, पाहुणे म्हणतात वा वा. तीन आठवड्यांनी त्यातलं किती उरलं हे मोजायला कोणी येत नाही. सर वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाही. आपण पालक मंडळी त्यांना चुकीच्या दिवशी मार्क देतो, आणि मार्क जिकडे तिकडे शिकवणं, हे आपल्याला दहावीपासून पाठ आहे.

आणि गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाहीच. तबल्याचा रियाज आठवा. गुरुजी एक कायदा देतात आणि मग त्याचे पलटे. तेच बोल, पण जागा बदलून, उलटून, लय दुप्पट करून. जो फक्त मूळ कायदा पाचशे वेळा बडवतो त्याला आपण बडव्या म्हणतो, वादक नाही. भजनातला पखवाजवाला गाणाऱ्याने मध्येच लय ओढली तरी सुटत नाही, कारण तो शंकूंमध्ये शिकलेला नाही, माणसांमध्ये शिकलेला आहे. हे सगळं गावात रोज रात्री मंदिरात चालू असताना सकाळी मैदानावर आपण ब्रिटिश कवायत घेतो. कमाल आहे.

आणखी एक हुकमी वाक्य म्हणजे "खाली बघू नको!" तासाभरात मी हे इतक्या वेळा ऐकलं की मोजणं सोडून दिलं. कुशल खेळाडू खाली बघत नाही हे खरं, पण ते कौशल्याचं फळ आहे. फळ झाडाला बांधून झाड वाढत नाही. सियन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ साली फुटबॉल ड्रिबलिंगवर प्रयोग केला. खेळाडूंना कधी पायाकडे लक्ष द्यायला सांगितलं, कधी लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवलं. निष्णात खेळाडू पायाकडे लक्ष दिल्यावर बिघडले. नवशिके मात्र पायाकडे लक्ष दिलं तेव्हाच बरे खेळले, लक्ष दुसरीकडे गेलं की कोसळले. आणि कळस म्हणजे त्याच निष्णातांना कमकुवत पायाने खेळायला लावलं तर तेही नवशिक्यांसारखेच वागले. म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या पोरीवर "खाली बघू नको" म्हणून खेकसणं आणि पाच वर्षं खेळलेल्याला "मनगट बघ, कोपर बघ" सांगणं, दोन्ही उफराटं. आपल्याकडे नेमकं दोन्ही चालतं. नवशिकीला बघू द्या की हो खाली! बोटांना बॉल कळायला लागला की मान आपोआप वर येते, कारण वर समोरचा माणूस जास्त महत्त्वाचा असतो. मैदानात जर माणूस असेल तर.

कमकुवत हातावरून आठवलं. आपल्या घरांत डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, पान वाढायचं नाही. जेवताना तर डावा हात मांडीवर बांधल्यासारखा. मला प्रथेवर घसरायचं नाही, पण बारा वर्षं बेरोजगार ठेवलेला हात शिबिराच्या दुसऱ्या दिवशी उजव्याइतका चालत नाही म्हणून 'को-ऑर्डिनेशन'वर खापर फोडणं विनोदी आहे. दोन्ही हातांचं गणित मुळात अवघड. दोन्ही तर्जनी टेबलावर ठेवा आणि वायपरसारख्या एकाच दिशेने हलवा, दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे. आता वेग वाढवत न्या. एका वेगाला बोटं तुम्हाला न विचारता आरशासारखी हलायला लागतील, दोन्ही आत, दोन्ही बाहेर. स्कॉट केल्सो यांनी १९८० च्या दशकात हे मोजून दाखवलं, आणि तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या बाबतीत हे होतं. हिंजवडीतल्या पोरांचंही होतं, हिवरे बाजारच्याही. पळताना पाय आणि टप्पा यांचंही तसंच. नवशिक्याचा बॉल पावलाला बांधलेला असतो, दर पावलाला एक टप्पा. ती गाठ सोडवणं हेच शिकणं, आणि त्याला महिने लागतात, सगळ्यांनाच.

बॉलचा आकार हा तर उघड अन्याय आहे. फिबाच्या मिनी बास्केटबॉलमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ५ नंबरचा बॉल असतो, वजन पाचशे ग्रॅमच्या आत, आणि रिंग २.६० मीटरवर. मोठ्यांचा ७ नंबरचा बॉल सहाशे ग्रॅमच्या आसपास, रिंग ३.०५ वर. त्या शिबिरातले चारही बॉल ७ नंबरचे होते, त्यातले दोन गुळगुळीत झालेले आणि एकात हवा कमी. हवा कमी म्हणजे वर सांगितलेली ऊर्जेची तूट आणखी वाढली, म्हणजे छोट्या हाताला दर टप्प्याला आणखी जोर. मग ती मुलगी बॉल 'मारते'. मग सर म्हणतात, मारू नको. मग ती दोन्ही हात लावते. मग सर म्हणतात, डबल! पाच नंबरचा रबरी बॉल हजार रुपयांच्या आत येतो. समारोपाच्या बॅनरला त्याहून जास्त खर्च झालेला असणार.

"पण इन्स्टावर तर करीसुद्धा शंकू आणि टेनिस बॉल घेऊन ड्रिल करताना दिसतो!" असं एक जण मला म्हणाला. दिसतो. एका हाताने ड्रिबल आणि दुसऱ्या हाताने टेनिस बॉल झेलणारा स्टीफन करी मीही बघितलाय, आणि दोनदा लाइक केलाय :) पण करी एनबीएचा मोसम खेळून ड्रिल करतो. त्याच्याकडे अंगावर येणारा बचाव बारमाही आहे, ड्रिल ही वरची चटणी. आपण ताटात फक्त चटणी वाढतो आणि पोरगं जेवलं नाही म्हणून तक्रार करतो.

उंचीबद्दल थोडक्यातच. चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धांसाठी संघ निवडताना आधी उंच मुलं उचलायची, ही पद्धत सगळीकडे आहे. त्या वयात उंच म्हणजे बहुतेकदा लवकर वयात आलेला. दोन वर्षांनी बाकीचे गाठतात, तोवर त्यांच्या हातून बॉल गेलेला असतो. मग्सी बोग्स हा खेळाडू १.६० मीटर उंचीचा, १९८७ ते २००१ अशी चौदा वर्षं एनबीएत खेळला, तेही हातातला बॉल कोणाला काढू न देण्याच्या जोरावर. अपवाद आहे, मान्य. पण गार्डच्या जागेवर उंचीपेक्षा हात आणि डोळे लागतात हे सांगायला अपवादही पुरतो.

आणि आपल्याकडे हे कधी झालंच नाही असंही नाही. मुंबईचं नागपाडा घ्या. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ साली तिथे नेबरहूड हाऊस काढलं, आणि ते ज्या अमेरिकन मराठी मिशनचे होते, ते तेच मिशन, ज्याने १८३१ पासून आपल्या नगरात ठाण मांडलं आणि १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' काढला. त्या दाटीवाटीच्या, कष्टकरी वस्तीतून अब्बास मुंतसिर आले. भारताचे कर्णधार, १९७० सालचे अर्जुन पुरस्कार विजेते. ते एकटे नव्हेत, नागपाड्याने देशाला कितीतरी खेळाडू दिले. त्या पोरांच्या रक्तात काही वेगळं नव्हतं. वस्तीच्या मधोमध कोर्ट होतं, संध्याकाळी ते उघडं असायचं, आणि लहान पोरं मोठ्यांमध्ये घुसून खेळायची. नगरच्या वाट्याला त्याच मिशनकडून शाळा आल्या, छापखाना आला, दवाखाना आला. वस्तीतल्या कोर्टाच्या बाबतीत मात्र नागपाडा जिंकलं.

आज तर पूर्ण २८ बाय १५ मीटरचं कोर्टही लागत नाही. थ्री-बाय-थ्री हा प्रकार टोकियो ऑलिंपिकपासून (२०२१ मध्ये झालं ते) अधिकृत आहे. अर्धं कोर्ट, एक रिंग, तीन-तीन खेळाडू, १२ सेकंदांत शॉट. जिल्हा परिषदेच्या शाळेपुढच्या सिमेंटच्या चौकोनात बसतं. मातीत मात्र नको. काही लोक म्हणतात, उबडखाबड जमिनीवर उलट चांगला सराव होतो, तुझंच ते वैविध्य! नाही हो. वैविध्य म्हणजे असा फरक की ज्यातून काही शिकता येईल. ढेकळावर बॉल कुठेही उडतो, त्यातून मेंदूला कसलंच भाकीत बांधता येत नाही. तो नुसता नॉइज. गरिबीला शिक्षणपद्धती म्हणायचा मोह आपल्या लोकांना फार होतो.

तर क्रीडा शिक्षक मंडळींना आणि त्याहून जास्त पालकांना माझं म्हणणं सरळ आहे. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. तेव्हा चौदा वर्षांखालच्या निवडीत कोणाला वगळलं यावर त्या घराचं बरंच काही ठरू शकतं. शंकूंमधून स्टॉपवॉच लावून घेतलेल्या चाचणीवर ते ठरवू नका. ती चाचणी एवढंच सांगते की कोणाला आजवर बॉल मिळालाय. सहा-सहा जण आत सोडा, पंधरा मिनिटं खेळू द्या, आणि बॉल कोणाच्या हातातून जात नाही, कोणाची मान वर आहे, कोण चुकल्यावर पुढच्या वेळी वेगळं काही करून बघतंय ते पाहा. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त. आणि शक्य असेल तर तीच मुलं महिन्याने पुन्हा बोलवा, मधल्या महिन्यात प्रत्येकाच्या घरी एक बॉल देऊन. चाळीस बॉल होतात, माहितीये. दोन बॅनर आणि एक पाहुणा कमी केला की बरेचसे निघतील.

पुढच्या शनिवारी डेटाबेस. नक्की.